अपस्माराचा कलंक: जुना किती, नवा किती?

१९७६ साली, आणीबाणी चालू असताना, संसदेने विवाहविषयक कायद्यांत मोठी सुधारणा केली. परस्परसंमतीने घटस्फोट घेण्याची सोय हिंदू विवाह कायद्यात आली ती याच सुधारणेने, म्हणून तिची नोंद पुरोगामी पाऊल अशीच होते आणि ती योग्यही आहे. पण त्याच सुधारणेने कायद्याच्या पाचव्या कलमात आणखी एक भर घातली. १९५५ च्या मूळ कायद्यात वधू-वरांपैकी कोणी जडबुद्धी किंवा वेडे नसावे, एवढीच आरोग्याबाबतची अट होती. आता वेडाचे किंवा अपस्माराचे झटके वारंवार येणारी व्यक्तीही लग्नाला अपात्र ठरली. असे लग्न झालेच, तर बाराव्या कलमाखाली जोडीदाराला न्यायालयातून ते रद्द करून घेता येऊ लागले. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातही तीच दुरुस्ती झाली. ही अट तेवीस वर्षे कायद्यात राहिली आणि डिसेंबर १९९९ मध्ये निघाली. म्हणजे १९७६ पर्यंत ज्या आजाराला हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात स्थान नव्हते, तो आजार मेंदूचा विद्युत आलेख आणि एपटॉइन, गार्डिनाल ही औषधे मिळू लागल्यानंतर लग्नातला अडथळा ठरला.

अपस्माराबद्दल आपण एक ठरावीक गोष्ट सांगत आलो आहोत. पूर्वी लोक अडाणी होते, फेफरे आले की भूत लागले म्हणायचे, भगताकडे न्यायचे. मग विज्ञान आले, मेंदूतला बिघाड कळला आणि कलंक हळूहळू पुसला जाऊ लागला, अशी ती गोष्ट. ती पूर्ण खोटी नाही, पण तिच्यातला क्रम चुकीचा आहे. हा मेंदूचा किंवा शरीराचा आजार आहे, हे जाणकारांना फार जुन्या काळी ठाऊक होते. आणि रुग्णाला समाजाबाहेर ठेवणारी सर्वांत कठोर यंत्रणा, म्हणजे लग्नबंदी, सक्तीची नसबंदी, वेगळ्या वसाहती, ही गेल्या दीडशे वर्षांत, विज्ञानाच्या आणि सुधारणेच्या नावाने उभी राहिली. लाज जुनी आहे. तिला कायद्याचे बळ मिळाले ते मात्र अगदी अलीकडे. हा फरक लक्षात घेतला नाही, तर उपायही चुकीच्या जागी शोधले जातात.

आधी जुने पुरावे पाहू. चरकसंहितेत निदानस्थान आणि चिकित्सास्थान अशा दोन्ही ठिकाणी अपस्मारावर स्वतंत्र अध्याय आहेत. चरक त्याचे वातज, पित्तज, कफज आणि सान्निपातिक असे चार प्रकार करतो आणि प्रत्येकाची लक्षणे वेगवेगळी नोंदवतो. तोंडाला फेस येणे, दात खाणे, थरथरणे ही लक्षणे त्यात आहेत. झटक्याच्या सुरुवातीला रुग्णाला विशिष्ट रंगांच्या आकृती दिसतात, हेही त्यात आहे. एकाला काळपट-तांबूस, दुसऱ्याला पिवळ्या, तिसऱ्याला पांढऱ्या. काहीजण चटकन शुद्धीवर येतात, तर काहींना वेळ लागतो, हाही भेद चरकाने टिपला आहे. झटक्याआधीची अशी पूर्वसूचना आजचा मेंदूविकारतज्ज्ञही रुग्णाला आवर्जून विचारतो, कारण बिघाड मेंदूच्या कोणत्या भागात आहे याचा अंदाज त्यावरून येतो. चरकाचा एक सल्ला तर आजही शब्दशः चालेल: अपस्माराच्या रुग्णाला पाणी, आग, झाड आणि उंच-सखल जागा यांपासून जपावे, कारण त्या जागा तत्काळ जीव घेतात. हा सल्ला देणाऱ्याने विहिरीत, चुलीत आणि झाडावरून पडलेले रुग्ण पाहिले असले पाहिजेत.

सुश्रुताच्या उत्तरतंत्रात याहून रंजक भाग आहे, कारण तिथे सरळ वाद घातलेला दिसतो. काहीजण म्हणतात, हा रोग कारणाशिवाय येतो आणि उपचार न करताही जातो, म्हणून तो शरीरातल्या दोषांमुळे झालेला असू शकत नाही. झटक्याचे हे आगंतुकपण हाच बाहेरच्या शक्तीवर विश्वास ठेवण्याचा सर्वांत मोठा आधार होता. सुश्रुताचे उत्तर असे की दोष क्रमाक्रमाने साठत जातात आणि आपल्या वेळी प्रकट होतात. पाऊस पडला तरी काही बीजे शरद ऋतूतच रुजतात, तसेच हे. त्रिदोषांचा सिद्धान्त आज आपण मानत नसलो, तरी रोग आत सतत असतो आणि झटका हे त्याचे अधूनमधून दिसणारे रूप आहे, हा विचार आजच्या व्याख्येपासून दूर नाही. ग्रीसमध्ये ख्रिस्तपूर्व ४०० च्या सुमारास ‘पवित्र रोग’ नावाच्या ग्रंथात, हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतल्या लेखकाने हीच लढाई दुसऱ्या अंगाने लढली. हा आजार इतर आजारांपेक्षा जास्त दैवी नाही, त्याचे मूळ मेंदूत आहे, आणि शुद्धीकरणाचे विधी करणारे लोक आपले अज्ञान झाकण्यासाठी देवाचे नाव घेतात, असे तो बजावतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की वैद्य काहीही म्हणोत, समाज मात्र अपस्मारी माणसाला दूरच ठेवत होता. हा आक्षेप खरा आहे. त्याच ग्रीक ग्रंथात नोंद आहे की झटका येणार असे कळले की प्रौढ रुग्ण लोकांपासून दूर पळतात, घरी किंवा निर्जन जागी जातात आणि अंगावर पांघरूण ओढून घेतात. ते देवाच्या भीतीने नव्हे, तर लाजेने. आपल्याकडे मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कोणत्या कुळांतली मुलगी करू नये याची जी यादी आहे, तिच्यात अपस्माराचे कूळ आहे. नटराजाच्या पायाखाली चिरडलेल्या बुटक्या दैत्यालाही अपस्मार असेच नाव आहे. तेव्हा लाज आणि लग्नातला संकोच हे जुनेच. पण त्या यादीत अपस्माराबरोबर मूळव्याध, क्षय, मंदाग्नी आणि अंगावर दाट केस असलेली कुळेही आहेत. तो स्थळ निवडण्याचा सल्ला आहे, झालेले लग्न मोडण्याचा नियम नव्हे. कन्येचा दोष लपवून तिला दिली, तर ते दान मोडता येते असे मनू अन्यत्र सांगतो खरा. पण तिथे दंड फसवणुकीला आहे. आजार हाच अपात्रतेचा निकष, मग तो सांगितलेला असो वा लपवलेला, ही रचना १९७६ च्या दुरुस्तीत आली.

दुसरा आक्षेप लोकव्यवहाराचा. चप्पल किंवा कांदा हुंगवणे, हातात किल्ल्यांचा जुडगा किंवा लोखंड देणे, दातखीळ सोडवायला तोंडात चमचा घालणे, हे प्रकार महाराष्ट्रात अजून दिसतात. झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो; तोपर्यंत कोणीतरी चप्पल आणलेली असते आणि श्रेय चप्पलेला जाते. सुश्रुताच्या प्रतिपक्षाने मांडलेला, कारणाशिवाय येतो आणि उपचाराशिवाय जातो, हा युक्तिवादच इथे उपाय होऊन बसला आहे. याहून क्रूर प्रकारही होते आणि आहेत. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याची अनुसूची वाचली, तर भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणे, छडीने मारणे, मिरचीची धुरी देणे, पादत्राणे भिजवलेले पाणी पाजणे हे सगळे गुन्हे म्हणून एकेक करून नोंदवलेले आहे. अंधश्रद्धेचा हा भाग नाकारण्यात अर्थ नाही. पण या प्रकारांना शासनाची मोहोर कधी नव्हती. उलट आज ते गुन्हे आहेत. सुशिक्षितांनी, डॉक्टरांच्या आणि वकिलांच्या संमतीने केलेल्या गोष्टींचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

तो हिशेब एकोणिसाव्या शतकात सुरू होतो. अपस्मारावर खरोखर गुण देणारे पहिले औषध, पोटॅशियम ब्रोमाइड, १८५७ मध्ये लंडनच्या सर चार्ल्स लोकॉक यांनी पुढे आणले. पण त्यांनी ते का दिले? कामवासना आणि हस्तमैथुन यांचा फेफऱ्याशी संबंध आहे असे त्या काळच्या वैद्यकात मानले जात होते आणि ब्रोमाइड वासना शमवते अशी ख्याती होती. औषध लागू पडले. कारण मात्र साफ चुकीचे होते, आणि त्या चुकीच्या कारणाने रुग्णाच्या माथी चारित्र्याचा डाग मारला. १८७३ मध्ये जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी झटका म्हणजे मेंदूच्या करड्या द्रव्यातून अचानक, अवाजवी आणि झपाट्याने होणारे विसर्जन, अशी व्याख्या केली. मेंदूतले विद्युतप्रवाह अजून कोणी मोजले नव्हते, तेव्हा केवळ निरीक्षणावरून केलेली ही व्याख्या आजही टिकून आहे. हान्स बर्गर यांनी मानवी मेंदूचा विद्युत आलेख १९२९ मध्ये प्रसिद्ध केला आणि जॅक्सन यांच्या म्हणण्याला कागदावर पुरावा मिळाला. इथे ती नेहमीची गोष्ट खरी असती, तर कलंक उतरणीला लागायला हवा होता.

झाले उलटेच. याच दशकांत सुप्रजननशास्त्राने, म्हणजे चांगल्या वंशाची पैदास करू पाहणाऱ्या विचाराने, अपस्माराला वाईट वंशाची खूण ठरवले. अमेरिकेत एकामागून एक राज्यांनी अपस्माराच्या रुग्णांना लग्नबंदी केली. १९५६ पर्यंत अशी सतरा राज्ये होती आणि शेवटच्या राज्याने हा कायदा १९८० मध्ये रद्द केला. अनेक राज्यांत नसबंदीचीही तरतूद होती. जर्मनीत नाझी सत्तेने जुलै १९३३ मध्ये केलेल्या कायद्यात सक्तीच्या नसबंदीसाठी ठरवलेल्या आजारांत आनुवंशिक अपस्मार होता. त्या कायद्याखाली सुमारे चार लाख माणसांची नसबंदी झाली. आल्फ्रेड हाउप्टमान यांनी १९१२ मध्ये फिनोबार्बिटोन अपस्मारावर चालते हे दाखवून दिले होते, आणि आपल्याकडे गार्डिनाल म्हणून घरोघरी माहीत असलेली गोळी ती हीच. हाउप्टमान ज्यू होते. त्यांना प्राध्यापकपदावरून काढले, १९३८ मध्ये छळछावणीत टाकले आणि शेवटी देश सोडून अमेरिकेत जावे लागले. रोगावरचे औषध शोधणारा आणि रोगी, दोघांनाही त्याच राजवटीने वंशाच्या नावाखाली बाद केले.

भारतात ही अट आली ती या हिंसेतून थेट नव्हे, तर इंग्लंडच्या विवाह कायद्यासारख्या सभ्य वाटेने. तिथे १९३७ मध्ये घटस्फोटाचे कायदे सैल करणारी सुधारणा झाली आणि त्याच सुधारणेत वेडाचे किंवा अपस्माराचे वारंवार झटके हे लग्न रद्द करण्याचे कारण ठरले. १९७६ ची आपली शब्दरचना तिच्याशी जवळजवळ तंतोतंत जुळते. इंग्लंडने मात्र १९७१ च्या कायद्याने ती अट काढून टाकली होती. म्हणजे मूळ घरातून बाहेर काढलेली वस्तू आपण पाच वर्षांनी आपल्या घरात आणून ठेवली. दोन्हीकडे योगायोग सारखाच: लग्नबंधनातून सुटण्याची मुभा वाढवणाऱ्या उदार सुधारणेबरोबर अपस्मार आत शिरला. निरोगी जोडीदाराच्या स्वातंत्र्याचा विचार करताना आजारी जोडीदाराच्या हक्काचा विचार कोणी केला नाही. शिवाय शब्दरचना अशी ढोबळ होती की लहानपणी झटके येऊन गेलेली आणि औषधाने बरी झालेली मुलगीही तिच्या कचाट्यात ओढता येत होती.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप आनुवंशिकतेचा. आजार पुढच्या पिढीत जाणार असेल, तर कायद्याने सावध केले यात वावगे काय? याचे उत्तर आकडे आणि कारणे देतात. अपस्माराचे काही प्रकार आनुवंशिक आहेत, पण बहुतेक रुग्णांच्या मुलांना तो होत नाही. जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडणे, डोक्याला मार, मेंदूज्वर, पक्षाघात, गाठ ही कारणे कोणत्याही घरात येऊ शकतात. भारतात तर आणखी एक मोठे कारण आहे: डुकरातल्या पट्टकृमीची अंडी पोटात गेली की त्यांच्या अळ्या मेंदूत जाऊन बसतात. ही गोष्ट उजेडात आली ती भारतात राहून परतलेल्या ब्रिटिश सैनिकांमुळे. त्यांच्यातल्या ४५० रुग्णांचा अभ्यास १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या शल्यविशारदांनी दाखवले की सीटी स्कॅनवर दिसणारे, क्षयाची गाठ समजले जाणारे कितीतरी लहान डाग प्रत्यक्षात याच अळीचे होते. अंडी विष्ठेतून मातीत, पाण्यात आणि कच्च्या भाजीवर येतात, म्हणून आयुष्यात मांसाला हात न लावलेल्या माणसालाही हा आजार होतो. ज्याचे मूळ उघड्यावरच्या शौचात आणि न धुतलेल्या कोथिंबिरीत आहे, त्या रोगासाठी आपण कुळाला दोष देत होतो. मधुमेह याहून कितीतरी ठळकपणे घराण्यात चालत येतो. त्यावर लग्न रद्द करण्याची अट कोणी सुचवली नाही.

तरीही जोडीदाराला माहीत असण्याचा हक्क उरतोच ना? उरतो, आणि तो १९९९ नंतरही कायद्यात शाबूत आहे: महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून फसवणुकीने संमती घेतली असेल, तर बाराव्या कलमाखाली लग्न आजही रद्द करता येते. फरक हा की जुनी अट खरे सांगणाऱ्यालाही अभय देत नव्हती. सांगितले तर लग्न होणार नाही आणि झाले तरी मोडता येईल, अशा स्थितीत लपवणे हाच शहाणपणा ठरतो. लपवण्याची किंमत बहुधा मुलीने मोजली. सासरी गोळ्या दिसू नयेत म्हणून त्या अचानक बंद होतात, आणि औषध एकाएकी थांबवले की झटके थांबत नाहीत अशी जीवघेणी अवस्था येऊ शकते. व्हॅल्प्रोएटसारखे औषध गरोदरपणात चालू राहिले, तर सुमारे दहांतल्या एका बाळात जन्मजात व्यंग राहू शकते. ते टाळायचे तर गर्भधारणेआधीच डॉक्टरांशी बोलून औषध बदलावे लागते. जिथे आजारच लपवलेला, तिथे हे बोलणे कुठून होणार? इंडियन एपिलेप्सी असोसिएशनने आणि बंगळुरूच्या डॉ. के. एस. मणी यांच्यासारख्या मेंदूविकारतज्ज्ञांनी ही अट काढण्यासाठी पाठपुरावा केला, तो केवळ सन्मानाचा प्रश्न नव्हता, उपचाराचाही होता.

उपचार तर कधीचेच आहेत. योग्य औषध नियमित घेतले, तर सुमारे सत्तर टक्के रुग्णांचे झटके थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. डॉ. मणी यांनी कर्नाटकातल्या येळंदूर भागात खेड्यातल्या रुग्णांना फिनोबार्बिटोन आणि फेनिटॉइन या जुन्या, स्वस्त गोळ्यांवर वर्षानुवर्षे ठेवून हे दाखवून दिले की महागड्या यंत्रांशिवायही आजार आटोक्यात ठेवता येतो. मुंबईतल्या पारशी वसाहतींमध्ये १९८० च्या दशकात चौदा हजारांच्या घरातल्या लोकांची पाहणी झाली, तेव्हा हजारी पाचाच्या आसपास लोकांना अपस्मार आढळला. हे प्रमाण देशभर धरले, तर रुग्णांची संख्या सत्तर लाखांच्या आसपास जाते. गरीब देशांत बहुसंख्य रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत. औषधाचा शोध १९१२ चा आणि रुग्ण अजून गोळीविना, याचे खापर एकट्या भगतावर फोडता येणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळी सलग न मिळणे आणि घराने आजार झाकून ठेवणे, ही दोन्ही कारणे त्यात आहेत.

म्हणून निर्बंध सगळेच चुकीचे, असेही नाही. झटके चालू असताना गाडी चालवणे धोक्याचे आहे आणि परवान्याच्या अर्जात अपस्माराबद्दल प्रश्न असणे योग्य आहे. पण ब्रिटनमध्ये वर्षभर झटका आला नाही, तर मोटार चालवता येते. आपल्या अर्जात किती दिवसांपूर्वी आला याला जागाच नाही, फक्त हो किंवा नाही. जिथे खरे सांगितले की दार कायमचे बंद होते, तिथे लोक खोटे लिहितात. विवाह कायद्यातून १९९९ मध्ये जी चूक काढली, तीच इथे अजून शिल्लक आहे. कायद्यातून कलंक काढता येतो हे आपण एकदा करून दाखवले आहे; परवान्याचा नियम मुदतबद्ध करणे आणि आरोग्य केंद्रात फिनोबार्बिटोन खंड न पडता ठेवणे हे त्याच मार्गावरचे पुढचे काम आहे. आणि जे काम सरकारवर सोपवता येत नाही ते वाचकाचे आहे: स्थळ बघताना अपस्मार कळला, तर नकार देण्याआधी झटके कधी थांबले आणि औषध कोणते चालू आहे, एवढे दोन प्रश्न विचारा, आणि रस्त्यात कोणाला झटका आला, तर चप्पल शोधू नका, त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका आणि पाच मिनिटांत थांबला नाही तर रुग्णालयात न्या.